भंगारात निघालेला संगणक घरी कामाला लागला

आपल्या घरांतून कोणतीही वस्तू सहजासहजी टाकून दिली जात नाही. मिक्सरचे भांडे गळू लागले की वायसर बदलून आणतो. पंख्याची बेअरिंग गेली तर ती बदलतो. शिलाई मशीन तर आईकडून मुलीकडे आणि मुलीकडून सुनेकडे जाते. मग संगणकाचेच असे काय, की दुकानदाराने "हा आता चालणार नाही, नवीन घ्या" म्हटले की आपण मुकाट्याने कर्ज काढायला निघतो? मला वाटते, मिक्सर उघडलेला आपण पाहिलेला असतो, संगणकाच्या आत काय चालते ते पाहिलेले नसते. म्हणून त्यातले जो कोणी सांगेल ते खरे मानावे लागते. आमच्या घरी या बाबतीत काय घडले ते आज वाचकांना सांगायचे आहे. त्यातून एखाद्या घरचे दहा-वीस हजार वाचले तरी लिहिण्याचे चीज झाले असे मी समजेन.

मी आयटीआय झालेला वायरमन. तारा, फ्यूज, मोटार हा माझा रोजचा धंदा. संगणकाशी माझा संबंध एवढाच की, एका ऑफिसने जुना माल काढला तेव्हा साडेतीन हजार रुपयांत मी त्यांचा एक संगणक मुलांसाठी घरी आणला. तिसऱ्या पिढीचा इंटेल आय-थ्री, चार जीबीची मेमरी आणि पाचशे जीबीची हार्डडिस्क. मुले त्यावर प्रोजेक्ट करत, फॉर्म भरत. थोरली कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला गेली आणि हे यंत्र अपुरे पडू लागले. सुरू व्हायलाच पाच-सहा मिनिटे लागत. तेवढ्यात हिचा कुकर होई.

त्यातच २०२५ सालचा ऑक्टोबर आला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज टेनची नेहमीची मुदत संपली. काही अटींवर वर्षभराची जादा मुदत होती, पण पुढे काय हा प्रश्न होताच. विंडोज इलेव्हनसाठी आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर लागतो आणि टीपीएम नावाची सुरक्षेची सोय लागते. आमच्या यंत्रात हे दोन्ही नव्हते. दुकानदाराने डबा उघडलासुद्धा नाही. म्हणाला, "काका, हा भंगारात द्या. छत्तीस हजारांत नवीन लॅपटॉप देतो, हप्ते बांधून देतो."

छत्तीस हजार म्हणजे आमच्या घरात काय, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. हिची भिशी फेब्रुवारीत लागणार होती. ती थोरलीच्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी ठेवलेली. लॅपटॉप घ्यावा तर फी राहते, फी भरावी तर अभ्यासाला यंत्र नाही. दोन रात्री आम्ही दोघे नुसता हिशेब करत बसलो. तिसऱ्या दिवशी थोरलीच म्हणाली, "पप्पा, आमच्या लॅबमध्ये विंडोज नाहीच. तिथं लिनक्स आहे, आणि तिथली यंत्रं आपल्यापेक्षा जुनी आहेत. तेच घरी टाकू या का?"

हे लिनक्स आले कुठून?

मुलगी म्हणाली म्हणून लगेच कामाला लागणे माझ्या स्वभावात नाही. लाईनला हात लावण्यापूर्वी ती कुठून येते ते पाहावे, ही धंद्याची शिस्त. तिच्याकडून आणि वाचून जे समजले ते थोडक्यात असे.

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सोबत्यांनी युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम बांधायला घेतली. त्या काळी संगणक इतका महाग होता की एका यंत्रावर अनेकांनी काम करायचे. म्हणून कोणाचे काम कोणी पाहावे, कोणी बदलावे, याचे नियम त्या पद्धतीत पक्के बसले. पुढे १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली. युनिक्ससारखीच, पण कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशी सिस्टीम तयार करायची, हा त्याचा हेतू. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लायनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने युनिक्ससारख्या सिस्टीमचा गाभा लिहायला घेतला. तोच लिनक्स. ज्या संगणकावर त्याने तो लिहिला, तो त्याने हप्त्यांवर घेतला होता. हे ऐकून ही म्हणाली, "म्हणजे हप्ते तिकडेही असतात तर!"

या गाभ्याभोवती निरनिराळ्या गटांनी आपापल्या सिस्टीम तयार केल्या. उबुंटू, मिंट, फेडोरा ही त्यांचीच नावे. आम्ही डेबियन निवडली. १९९३ साली इयान मरडॉक यांनी ती सुरू केली. डेब्रा आणि इयान अशी दोन नावे जोडून डेबियन हे नाव झाले. आजही जगभरातले स्वयंसेवक ती सांभाळतात. तिची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये निघाली. तिला ६४ बिटचा प्रोसेसर लागतो, आणि आमचा डबा त्यात बसत होता. पैसे द्यावे लागत नाहीत. पण फुकट आहे एवढेच तिचे मोल नाही. ती उघडून पाहायला मनाई नाही, ही मला जास्त महत्त्वाची गोष्ट वाटली. मिक्सरसारखीच.

आधी कागदपत्रे, मग काम

कामाला सुरुवात करताना पहिली गोष्ट केली ती कागदपत्रांची. जुन्या हार्डडिस्कवर दोन्ही मुलांच्या मार्कशीट होत्या. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला यांचे स्कॅन होते, आणि आईचे शेवटचे फोटो होते. हे सारे दोन पेनड्राईव्हवर वेगवेगळे उतरवले. एक घरात ठेवला, एक मेव्हण्याकडे दिला. वाचकहो, संगणकाचे काही होवो, हे एक काम आजच्या आज करून ठेवा. स्कॉलरशिपच्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशी दाखल्याची फाईल सापडत नाही, तेव्हा काय धावपळ होते ते अनेक घरांनी पाहिले आहे.

दुसरे काम हार्डडिस्कचे. यंत्र मंद असण्याचे मोठे कारण प्रोसेसर नसून ती फिरणारी जुनी हार्डडिस्क असते. लॅमिंग्टन रोडवरून अठराशे रुपयांत एक एसएसडी आणली. तिच्यात फिरणारा भाग नसतो, म्हणून ती झटपट चालते. चार स्क्रू आणि दोन वायरी, एवढेच ते काम. जुनी हार्डडिस्क पुसली नाही, तशीच काढून कपाटात ठेवली. नवे जमले नाही तर जुने परत जोडता येईल, या विचाराने घरात सर्वांना धीर आला.

तिसरे काम सिस्टीम उतरवून घेण्याचे. डेबियनची एक लहान फाईल मिळते, सातशे-आठशे एमबीची. ती पेनड्राईव्हवर घेऊन यंत्र सुरू करायचे, मग बाकीचे सामान ती इंटरनेटवरून स्वतः आणते. आमचे रिचार्ज रोजच्या दीड जीबीचे. म्हणून एका रात्री फाईल उतरवली आणि उरलेले दुसऱ्या रात्रीवर ठेवले. फाईल धडपणे आली की नाही हे तपासण्याचीही सोय आहे. फाईलवरून १२८ अक्षर-अंकांची एक लांबलचक खूण निघते, आणि ती डेबियनने दिलेल्या खुणेशी जुळावी लागते. थोरली एकेक अक्षर वाचत होती आणि धाकटा कागदावर टिक करत होता. शाळेतल्या हजेरीसारखे. एकशे अठ्ठावीसच्या एकशे अठ्ठावीस जुळली तेव्हा त्याने टाळी वाजवली. मग मैत्रिणीच्या लॅपटॉपवर रुफस नावाच्या प्रोग्रामने थोरलीने तो पेनड्राईव्ह तयार करून आणला.

सूचनांचे पुस्तक डेबियनच्या लोकांनी फुकट ठेवलेले आहे. त्यातली कामाची पाने झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. पडद्यावर वाचलेले माझ्या लक्षात राहत नाही, कागदावर खूण करता येते.

मुख्य किल्ली कोणाकडे?

रविवारी जेवणे आटोपल्यावर बसलो. यंत्र सुरू होताना एफ-बारा दाबून पेनड्राईव्ह निवडला. कोणत्या कळीने हे होते ते यंत्रागणिक वेगळे असते, कुठे एफ-दोन तर कुठे डिलीट. पहिलाच प्रश्न भाषेचा आला. यादीत मराठीही होती. थोरलीने मात्र इंग्रजी घेतली, कारण परीक्षेत तेच शब्द येतात.

डब्यात वायफाय नव्हते. मग माझा मोबाईल चार्जिंगच्या वायरीने जोडला आणि त्यात यूएसबी टेदरिंग सुरू केले. यंत्राला वाटले, वायरीचेच इंटरनेट आले. ही युक्ती ज्यांच्या घरी ब्रॉडबँड नाही त्यांनी लक्षात ठेवावी.

पुढचा प्रश्न महत्त्वाचा होता. युनिक्सच्या घराण्यात रूट नावाचा एक मुख्य वापरकर्ता असतो. त्याला काहीही करता येते, सगळे पुसूनसुद्धा टाकता येते. म्हणून रोजचे काम कोणी रूट होऊन करत नाही. इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड मोकळा सोडला, तर पहिल्या वापरकर्त्याला गरजेपुरती ती सत्ता मिळते. सुडो हा शब्द लिहून, आपला पासवर्ड देऊन त्याने ते काम करायचे. आता हा पहिला वापरकर्ता कोण? मेव्हणे आले होते, ते म्हणाले, "दाजी, तुमच्या नावाने टाका. पोरीच्या हातात सगळं कसं देता?" मी म्हटले, ज्याला मीटर वाचता येते त्याच्याकडे मीटरची खोली असावी. पहिले नाव थोरलीचे टाकले. ती काही बोलली नाही, पण पासवर्ड निवडायला तिने पाच मिनिटे घेतली.

मग डिस्कचे भाग पाडायचे होते. सगळे एकाच भागात ठेवता येते, किंवा होम हा भाग वेगळा करता येतो. आम्ही वेगळा केला. होममध्ये माणसांच्या फायली राहतात, बाकीच्यात सिस्टीम राहते. उद्या सिस्टीम पुन्हा टाकायची वेळ आली, तर नीट पाहून होमचा भाग न पुसता ते करता येते. दुकानात "फॉरमॅट मारून देतो" म्हणतात आणि त्यात कितीतरी घरांचे फोटो जातात. भाग वेगळे असले की हा धोका कमी होतो. पण म्हणून पेनड्राईव्हवरची प्रत ठेवायचे सोडू नये.

डेस्कटॉपसाठी एक्सएफसीई निवडला, कारण तो हलका आहे. साधारण एक जीबी सामान मोबाईलवरून आले. चहा झाला, धाकटा झोपून गेला, आणि रात्री साडेदहाला यंत्राने पेनड्राईव्ह काढायला सांगितले. पुन्हा सुरू केले तेव्हा नाव आणि पासवर्ड विचारणारी खिडकी अर्ध्या मिनिटात पडद्यावर आली. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "झालं इतक्यात?" आत शिरून पाहिले तर चार जीबी मेमरीपैकी एक जीबीसुद्धा भरली नव्हती.

एक घर, चार दारे

खरी मजा पुढच्या आठवड्यात आली. थोरलीने घरातल्या चौघांची चार खाती उघडली. डेबियनमध्ये प्रत्येकाचे होम त्याच्यापुरते बंद असते. धाकट्याने काही केले तरी ताईच्या जर्नलला धक्का लागत नाही. पूर्वी यावरून रोज भांडण होई.

परवानगीचा हिशेब मला तिने वहीत मांडून दाखवला. प्रत्येक फाईलला तीन प्रकारची माणसे: मालक, गट आणि बाकीचे. प्रत्येकाला तीन हक्क: वाचणे, लिहिणे, चालवणे. वाचण्याला चार, लिहिण्याला दोन, चालवण्याला एक. बेरीज सात झाली की सगळे हक्क, शून्य म्हणजे काहीच नाही. मग तिने घर नावाचा एक गट केला, चौघांना त्यात घातले आणि सर्वांच्या फायलींसाठी एक फोल्डर ठेवून त्याला सात-सात-शून्य दिले. मालकाला पूर्ण हक्क, घराला पूर्ण हक्क, परक्याला काही नाही. लाईट बिल, रेशनकार्डाचा स्कॅन, दाखले तिथे गेले. वायरिंगचा नकाशा वाचणाऱ्याला हे समजायला वेळ लागला नाही. पन्नास वर्षांपूर्वी एका महागड्या यंत्रावर अनेकांनी काम करावे म्हणून जे नियम केले, ते दहा बाय पंधराच्या खोलीत चौघांना एका यंत्रावर पुरले.

हिच्या खात्यात फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मराठीतून बसवले. दोन्ही मराठीत मिळतात. डेस्कटॉपवरचे काही शब्द मात्र इंग्रजीच राहतात. कळफलक इनस्क्रिप्टचा लावला. त्यात स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. एकदा हा हिशेब कळला की हात आपोआप वळतो. बचत गटाचा हिशेब ती आता यातच ठेवते. बेरीज यंत्र करते, म्हणून बैठक लवकर संपते.

वायफायसाठी पुढे एक छोटे डोंगल घेतले. ते आधी गप्प बसले. आपल्याकडे अशा वेळी यंत्राला दोन टपल्या मारायची पद्धत आहे. थोरलीने एक आज्ञा दिली, तेव्हा त्या डोंगलच्या आत कोणती चिप आहे ते नावासकट पडद्यावर आले. त्या चिपचे फर्मवेअर डेबियनच्या साठ्यात होते. मोबाईल जोडून ते आणले आणि डोंगल चालू झाले. दोष कुठे आहे हे यंत्र सांगते, फक्त विचारता आले पाहिजे आणि आलेले उत्तर वाचले पाहिजे. लाईन टेस्टरने फेज शोधण्यापेक्षा हे निराळे नाही.

थोरलीचा अभ्यास आता घरीच होतो. सी भाषेची आणि पायथनची सारी साधने डेबियनच्या साठ्यातून आली, कोणाला एक पैसा दिला नाही. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल नावाचा उपक्रम आहे. त्यात लिनक्स, लिब्रेऑफिस आणि असे कितीतरी विषय छोट्या व्हिडिओंतून शिकवलेले आहेत, त्यांतले काही मराठीतही आहेत. ज्या घरात शिकवायला कोणी नाही त्या घराला याचा मोठा आधार आहे. केरळात सरकारी शाळांतून मुले अशाच मुक्त सिस्टीमवर शिकतात, तर आपल्या मुलांना हे जड जाईल असे मानायचे कारण नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे

एमएस-सीआयटीच्या अभ्यासात विंडोज आणि एमएस ऑफिस असते. त्याचा सराव लिनक्सवर तंतोतंत होत नाही. विंडोजसाठी तयार केलेले काही प्रोग्राम, हिशेबाची काही पॅकेजे आणि पुष्कळ खेळ यावर चालत नाहीत किंवा खटपटीने चालतात. धाकट्याने खेळासाठी आठवडाभर तोंड फुगवले होते. जुना प्रिंटर असेल तर तो चालतो का, हे आधी पाहावे. आणि एकाच वेळी ब्राउझरची पंधरा पाने उघडली तर चार जीबी अपुरी पडतेच. पुढेमागे मेमरी वाढवावी लागेल. नव्या यंत्राची कामे जुने यंत्र सगळी करील असे मी म्हणणार नाही. पण शिकणाऱ्या मुलीचे काम त्याने अडवले नाही, एवढे मात्र खात्रीने सांगतो. फेब्रुवारीत भिशी लागली, ती ठरल्याप्रमाणे फीलाच गेली.

आमच्या चाळीत आता दोन घरांनी माळ्यावरचे जुने संगणक खाली काढले आहेत. एक बसवून झाला. दुसरा ३२ बिटचा निघाला, त्यावर डेबियन तेरा बसत नाही. त्या घरच्या मुलाला थोरलीने तसे स्पष्ट सांगितले आणि उगाच एसएसडीचा खर्च करू दिला नाही.

तुमच्याही घरी असे यंत्र पडून असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी त्याचा प्रोसेसर कोणता, मेमरी किती, ते एका कागदावर लिहून काढा. दाखले आणि फोटो दोन ठिकाणी उतरवा. बसवण्यापूर्वी पेनड्राईव्हवरूनच चालवून पाहता येईल अशी लाइव्ह आवृत्तीही मिळते, ती आधी चालवून पाहा. त्यात डिस्कला हात लागत नाही. सूचना छापून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. पुढ्यात प्रश्न आला की उत्तर देण्याची घाई करू नका, यंत्र तुमच्यासाठी थांबून राहते. आणि घरात शिकणारी मुलगी असेल, तर कळफलक तिच्यापुढे ठेवा, तुम्ही शेजारी कागद घेऊन बसा.